नोकरीच्या अर्जाआधी पतअहवाल पाहा

आपल्या ग्रामीण व्यवहारात ‘पत’ या शब्दाला फार जुने स्थान आहे. गावच्या दुकानदाराने उधार माल द्यावा की नाही, सोसायटीने पीककर्ज मंजूर करावे की नाही, सोयरिकीच्या बैठकीत घराण्याविषयी काय बोलले जावे, या साऱ्यांचा निर्णय माणसाच्या पतीवर होत असे. ही पत लोकांच्या तोंडी असे, ती कोठे लिहून ठेवलेली नसे. एखाद्या वर्षी पाऊस न झाल्यामुळे देणे राहिले, तर त्यामागचे कारणही गावाला ठाऊक असे. आता मात्र ही पत लिहिली जाते. ती महिन्यामागून महिना नोंदली जाते आणि त्या नोंदीत कारण लिहिण्यास जागा नसते. या नोंदीचा उपयोग केवळ नवे कर्ज देताना होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा उपयोग आता नोकरी देतानाही होऊ लागला आहे. या बदलाची पुरेशी जाणीव आपल्या तरुण उमेदवारांना व त्यांच्या पालकांना अद्याप झालेली नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याच्या मुलीने पदवी घेतली, दोन वर्षे तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून तयारी केली आणि तिची बँकेत लिपिक पदासाठी निवड झाली. घरी पेढे वाटले गेले. रुजू होण्यापूर्वीच्या कागदपत्रांच्या तपासणीत मात्र असे आढळले, की तिच्या नावावर २,४०० रुपये थकीत आहेत. तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी तिच्या नावावर हप्त्याने मोबाईल घेतला होता. मोबाईल बिघडला, म्हणून भावाने १,२०० रुपयांचे शेवटचे दोन हप्ते भरले नाहीत. वसुलीसाठी कोणी दारी आले नाही, म्हणून घरचे ते विसरूनही गेले. नोंद मात्र विसरली नाही.

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील प्रत्येक पायरी नित्याच्या व्यवहारातील आहे. दोन हप्त्यांची रक्कम भरण्यास एक दिवस पुरतो. परंतु त्याची नोंद अहवालात दुरुस्त होण्यास काही आठवडे लागतात आणि रुजू होण्याची तारीख तोवर थांबतेच असे नाही. म्हणून पतअहवाल निवड झाल्यानंतर पाहण्याची वस्तू नसून अर्ज करण्यापूर्वी पाहण्याची वस्तू आहे. प्रस्तुत लेखात या विषयाची क्रमवार माहिती दिली आहे.

भरतीची अट नेमकी कोणती?

सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँकांची सामाईक भरती मुंबई येथील बँकिंग कार्मिक निवड संस्था, म्हणजेच आयबीपीएस, करते. या संस्थेच्या २०२३ सालच्या लिपिक भरतीच्या जाहिरातीत रुजू होताना उमेदवाराचा सिबिल गुणांक किमान ६५० असावा, अशी अट होती. २०२४-२५ च्या भरतीपासून या अटीत बदल करण्यात आला. निश्चित आकड्याऐवजी उमेदवाराचा पतइतिहास निकोप असावा, असा निकष ठेवण्यात आला. ज्यांच्या अहवालात प्रतिकूल नोंद आहे, त्यांनी रुजू होण्यापूर्वी ती अद्ययावत करून घ्यावी, किंवा संबंधित कर्जखात्यावर कोणतेही देणे शिल्लक नाही असे ना-हरकत प्रमाणपत्र कर्ज देणाऱ्या संस्थेकडून आणून द्यावे. तसे न झाल्यास नियुक्तीचा प्रस्ताव मागे घेतला जाऊ शकतो, असा या निकषाचा आशय आहे. ज्यांचे बँक खातेच नाही, अशा उमेदवारांना तो लागू नाही. केंद्रीय अर्थ राज्यमंत्र्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरातही हा बदल स्पष्ट करण्यात आला होता.

भारतीय स्टेट बँक आपली भरती स्वतंत्रपणे करते. तिच्या जाहिरातींत किमान गुणांकाचा आकडा नसला, तरी कर्जाच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या परतफेडीत कसूर केल्याची नोंद अथवा प्रतिकूल पतअहवाल असलेला उमेदवार नियुक्तीस पात्र नाही, अशी तरतूद आढळते.

ही तरतूद केवळ कागदावर नाही, हे एका न्यायालयीन प्रकरणावरून दिसून आले. स्टेट बँकेच्या २०२० च्या जाहिरातीनुसार अधिकारी पदासाठी निवड झालेल्या एका उमेदवाराची नियुक्ती प्रतिकूल पतअहवालामुळे २०२१ मध्ये रद्द करण्यात आली. जाहिरातीच्या वेळी आपण सर्व कर्जे फेडलेली होती, असे त्याचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये बँकेचा निर्णय कायम ठेवला. जनतेच्या पैशाचा व्यवहार सांभाळणाऱ्याकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा ठेवणे योग्य आहे, तसेच अखेरीस कर्ज फेडणे वेगळे आणि परतफेडीत कसूर नसणे वेगळे, असा या निर्णयाचा रोख आहे.

या दोन तरतुदींमधील फरक उमेदवाराने नीट समजून घेतला पाहिजे. एका ठिकाणी देणे चुकते करून तसे प्रमाणपत्र आणण्यास वाव आहे. दुसऱ्या ठिकाणी पूर्वीची कसूरही आडवी येऊ शकते. म्हणून प्रत्येक जाहिरातीतील ‘पतइतिहास’ किंवा ‘सिबिल’ हा परिच्छेद वयोमर्यादेच्या परिच्छेदाइतकाच काळजीपूर्वक वाचणे अगत्याचे आहे.

नोंद कोण ठेवते?

आपल्याकडे ‘सिबिल’ हा शब्द इतका रूढ झाला आहे, की पतअहवाल म्हणजेच सिबिल असे समजले जाते. वास्तविक सिबिल हे एका कंपनीचे नाव आहे. ही कंपनी २००० साली मुंबईत स्थापन झाली. पुढे याच कामासाठी आणखी तीन कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळाली. आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पत माहिती कंपन्या देशात काम करीत आहेत. पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ हा त्यांना लागू असलेला कायदा असून रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख ठेवते.

या कंपन्या स्वतः कोणाला कर्ज देत नाहीत, तसेच कोणाला चांगला किंवा वाईट ठरवीत नाहीत. बँका व वित्तसंस्था आपल्या कर्जदारांची माहिती त्यांच्याकडे पाठवितात. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जात असे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०२५ पासून ती किमान दर पंधरवड्यास पाठविणे बंधनकारक झाले. सर्व पतसंस्थात्मक कर्जदात्यांनी चारही कंपन्यांचे सदस्य व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच दिलेला आहे. त्यामुळे एका बँकेतील थकबाकी दुसऱ्या बँकेला कळणार नाही, ही समजूत आता टिकणारी नाही.

अहवालात साधारणपणे पाच प्रकारची माहिती असते. पहिली, नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक व पत्ते. दुसरी, प्रत्येक कर्जाचे खाते, त्याची मूळ रक्कम व शिल्लक. तिसरी, प्रत्येक महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा भरला याची नोंद. वेळेवर भरलेल्या हप्त्यापुढे शून्य असते. चौथी, खात्याची स्थिती, म्हणजे ते चालू आहे, पूर्ण फेडून बंद झाले आहे, तडजोडीने मिटविले आहे की निर्लेखित केले आहे. पाचवी, आपला अहवाल कोणकोणत्या संस्थांनी कर्जाच्या विचारार्थ मागविला. या माहितीवरून ३०० ते ९०० यांमधील जो आकडा काढला जातो, तो पतगुणांक होय. ज्याने कधीच कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलेले नाही, त्याचा गुणांक तयार होत नाही. गुणांक नसणे हा दोष नव्हे. केवळ नोकरीसाठी गुणांक ‘बनविण्याकरिता’ अनावश्यक कर्ज काढण्याचा सल्ला कोणी देत असल्यास तो मानू नये.

नकळत होणारी थकबाकी

मोठे कर्ज बुडविणाऱ्या माणसाला आपल्या नावावर थकबाकी आहे हे माहीत असते. अडचणीत येतात ते बहुधा लहान रकमांचे आणि दुसऱ्यासाठी केलेल्या व्यवहारांचे धनी. त्यांचे काही नेहमीचे प्रकार पुढे दिले आहेत.

हप्त्याने घेतलेली वस्तू हा पहिला प्रकार. मोबाईल, दूरचित्रवाणी संच किंवा दुचाकी हप्त्याने घेतली, की ते वित्तसंस्थेचे कर्ज असते. दुकानदाराशी वाद झाला किंवा वस्तू बिघडली, तरी हप्ता थांबविल्यास थकबाकीची नोंद ग्राहकाच्याच नावावर होते.

मित्राला किंवा नातलगाला आपला पॅन व आधार देऊन आपल्या नावावर कर्ज काढू देणे, हा दुसरा प्रकार. कायद्याच्या दृष्टीने कर्जदार तोच, ज्याची सही आहे.

जामीनकी हा तिसरा प्रकार होय. जामीनदाराची सही हा गावाकडे सौजन्याचा भाग समजला जातो. मूळ कर्जदाराने हप्ते थकविल्यास जामीनदाराच्या अहवालातही ते खाते दिसते. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाने जामीन राहण्यापूर्वी याचा विचार केलाच पाहिजे, आणि वडीलधाऱ्यांनीही त्याला तशी गळ घालू नये.

क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क हा चौथा प्रकार. कार्ड वापरले नाही, तरी शुल्क आकारले जाऊ शकते, आणि ते न भरल्यास त्यावर व्याज व दंड चढत जातो. नको असलेले कार्ड कपाटात ठेवून चालत नाही. ते लेखी कळवून बंद करावे लागते.

पाचवा प्रकार कर्जदाराच्या चुकीचा नसून नोंदीच्या चुकीचा आहे. एकाच नावाच्या दोन व्यक्तींची खाती मिसळणे, फेडलेले कर्ज चालू दिसणे, आपण न घेतलेले कर्ज आपल्या नावावर असणे, असे दोष अहवालात आढळू शकतात. अहवाल पाहिल्याशिवाय ते उघडकीस येत नाहीत.

शैक्षणिक कर्जाचा पेच

या साऱ्यांत सर्वांत अवघड प्रश्न शैक्षणिक कर्जाचा आहे. शिक्षण नोकरीसाठी घ्यावयाचे, शिक्षणासाठी कर्ज काढावयाचे, नोकरी मिळण्यास उशीर झाला म्हणून हप्ते थकावयाचे आणि थकलेल्या हप्त्यांमुळेच पुढे आलेली नोकरी हातची जावयाची, असा हा पेच आहे. यात उमेदवाराची नियत वाईट असतेच असे नाही. परंतु अहवालातील आकडा नियत सांगत नाही. म्हणून पेच पडण्यापूर्वीच त्यातून वाट काढावी लागते.

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार शिक्षणक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत. त्यानंतर परतफेडीसाठी १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. शिवाय बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या उत्पन्नाच्या काळात पुन्हा काही काळ हप्त्यांना स्थगिती देण्याची सोयही या योजनेत सुचविलेली आहे. ती आपोआप मिळत नाही. त्यासाठी कर्जदाराने बँकेकडे अर्ज करावा लागतो आणि त्यावर निर्णय बँक घेते.

आकड्यांत पाहू. समजा, व्याजासह देणे ४ लाख रुपये झाले आहे आणि व्याजदर १० टक्के आहे. ७ वर्षांच्या मुदतीने मासिक हप्ता सुमारे ६,६४० रुपये येतो. १५ वर्षांच्या मुदतीने तो सुमारे ४,३०० रुपये येतो. मुदत वाढविल्याने एकूण व्याज अर्थातच वाढते. पहिल्या पर्यायात एकंदर फेड सुमारे ५ लाख ५८ हजार रुपये, तर दुसऱ्यात सुमारे ७ लाख ७४ हजार रुपये होते. तरीसुद्धा सुरुवातीच्या तुटपुंज्या वेतनात ६,६४० रुपये थकविण्यापेक्षा ४,३०० रुपये नियमित भरणे, आणि पुढे उत्पन्न वाढल्यावर जादा रक्कम भरून कर्ज लवकर संपविणे, हे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मात्र ही मागणी पहिला हप्ता थकण्यापूर्वी करावी. थकल्यानंतर मिळालेली सवलत पूर्वीची नोंद पुसत नाही, आणि थकीत खात्याची पुनर्रचना झाल्यास तशी वेगळी नोंदही अहवालात येऊ शकते.

शैक्षणिक कर्जात आई-वडीलही सहकर्जदार असतात, हेही विसरता कामा नये. मुलाचा हप्ता थकला, तर वडिलांच्या अहवालावर त्याचा परिणाम होतो. म्हणून अशा वेळी बँकेची पत्रे लपवून ठेवणे हा उपाय नव्हे. घरातील सर्वांनी मिळून बँकेच्या शाखाधिकाऱ्याला भेटणे हाच सरळ मार्ग आहे.

अहवाल कसा पाहावा?

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक पत माहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे. कंपन्या चार आहेत. म्हणजे वर्षाला चार अहवाल मोफत मिळू शकतात. त्यासाठी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख व मोबाईल क्रमांक देऊन नोंदणी करावी लागते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होतो, ही समजूत चुकीची आहे.

अहवाल हाती आल्यावर तो तीन वेळा वाचावा. पहिल्या वाचनात केवळ नाव, जन्मतारीख, पॅन व पत्ते पाहावेत. दुसऱ्या वाचनात प्रत्येक खाते आपलेच आहे का, ते पाहावे. तिसऱ्या वाचनात प्रत्येक खात्याची शिल्लक, उशिराचे दिवस व खात्याची स्थिती पाहावी. शंका येईल तेथे खूण करून आपल्याकडील पावत्या, पासबुकाची पाने व बेबाकी दाखले त्यासमोर जुळवावेत.

चुकीची नोंद असेल तर

आपल्या अहवालाची प्रत मागण्याचा व त्यातील चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क २००५ च्या अधिनियमाच्या कलम २१ ने दिलेला आहे. तक्रार पत माहिती कंपनीकडे किंवा संबंधित बँकेकडे करता येते. कंपनी स्वतःच्या अधिकारात नोंद बदलत नाही. ती बँकेकडे विचारणा करते. तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत तिचा निपटारा झाला पाहिजे आणि त्यांपैकी बँकेला आपले उत्तर देण्यासाठी २१ दिवस आहेत. २०२४ च्या एप्रिल महिन्यापासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार, ही मुदत उलटल्यास तक्रारदाराला दर दिवसाला १०० रुपये या दराने भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

तक्रार मोघम असू नये. ‘माझे सिबिल दुरुस्त करावे’ असे लिहून काही साधत नाही. तक्रारीचा मसुदा साधारणपणे असा असावा:

‘मी आपल्या संस्थेकडून घेतलेले अमुक क्रमांकाचे दुचाकी कर्ज अमुक तारखेस पूर्ण फेडले असून त्याचा बेबाकी दाखला सोबत जोडला आहे. तथापि, अमुक तारखेच्या माझ्या पतअहवालात सदर खाते चालू व थकीत दर्शविले आहे. तरी सदर खात्याची स्थिती ‘बंद’ व शिल्लक ‘शून्य’ अशी दुरुस्त करून तशी माहिती चारही पत माहिती कंपन्यांस कळवावी आणि मला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.’

हा अर्ज दिल्याची पोच घेऊन ती जपून ठेवावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनामूल्य तक्रार करता येते. २०२२ च्या सप्टेंबरपासून पत माहिती कंपन्याही या योजनेच्या कक्षेत आल्या आहेत. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

नोंद खरी असेल तर

खरी नोंद पुसता येत नाही, हे प्रथम मान्य करावे. ‘सात दिवसांत सिबिल स्वच्छ करून देतो’ अशा जाहिराती करणारे मध्यस्थ अनेक ठिकाणी दिसतात. त्यांना पैसे तर देऊ नयेतच, परंतु पॅन, आधार व मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांकही देऊ नये. एक जुनी थकबाकी मिटविण्याच्या नादात नवे कर्ज नावावर चढण्याचा धोका असतो.

खऱ्या थकबाकीवर उपाय एकच, तो म्हणजे ती पूर्ण भरणे. येथे ‘तडजोड’ आणि ‘पूर्ण फेड’ यांतील फरक ध्यानात घ्यावा. १० हजारांच्या देण्यापोटी ६ हजार घेऊन खाते मिटविण्यास वित्तसंस्था तयार होते, तेव्हा तो व्यवहार फायद्याचा वाटतो. परंतु अहवालात ते खाते ‘तडजोडीने मिटविलेले’ असे दिसत राहते. नोकरीच्या उमेदवाराने शक्य असल्यास पूर्ण रक्कम भरून खाते बंद झाल्याचा स्पष्ट दाखला घ्यावा. रक्कम आवाक्याबाहेर असेल, तर तडजोडीचे पत्र नीट वाचून, उर्वरित रक्कम पुढे भरल्यास स्थिती बदलून मिळेल काय, हे आधी लेखी विचारावे.

जुन्या उशिराची नोंद पूर्ण फेडीनंतरही काही वर्षे राहते. पत माहिती कंपन्यांनी माहिती किमान ७ वर्षे जतन करावयाची असते. मात्र त्यापुढील प्रत्येक नियमित हप्ता त्या जुन्या नोंदीचे वजन कमी करीत जातो. निवड झाल्यास बँकेला जुन्या कसुरीविषयी विचारणा होण्यापूर्वीच लेखी माहिती द्यावी, कारण सांगावे आणि दाखला जोडावा. घरातील आजारपण, पिकाची नासाडी किंवा वेतन थांबणे हे कारण असेल, तर त्याचा कागदोपत्री पुरावा द्यावा. माहिती दडविल्यास थकबाकीच्या प्रश्नाला खोटेपणाची जोड मिळते, आणि त्याचा बचाव करणे अधिक कठीण असते.

इतर नोकऱ्या आणि उमेदवाराची संमती

ही तपासणी मुख्यतः बँका व वित्तीय क्षेत्रातील नोकऱ्यांमध्ये आढळते. इतर कोणताही कारखानदार किंवा दुकानदार उठून पत माहिती कंपनीकडून आपला अहवाल मागवू शकत नाही. ही माहिती कोणास द्यावयाची, हे कायद्याने व रिझर्व्ह बँकेच्या विनियमांनी ठरवून दिलेले आहे. काही खाजगी कंपन्या उमेदवारालाच अहवाल सादर करण्यास सांगतात, किंवा पूर्वचौकशी करणाऱ्या संस्थेमार्फत त्याची संमती घेतात. अशा वेळी संमतिपत्र न वाचता सही करू नये. कोणती माहिती, कोणासाठी व किती काळ वापरली जाणार, हे विचारणे उद्धटपणाचे नाही.

ज्या देशात ही प्रथा फार पूर्वीपासून आहे, त्या अमेरिकेत काय व्यवस्था आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथील १९७० च्या पतअहवालविषयक कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनुसार, अहवाल मागविण्यापूर्वी मालकाला उमेदवाराची लेखी परवानगी घ्यावी लागते. अहवालामुळे नोकरी नाकारावयाची असेल, तर निर्णयापूर्वी त्याची प्रत उमेदवाराला द्यावी लागते, म्हणजे चूक असल्यास ती दाखविण्याची संधी त्याला मिळते. वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये अशा तपासणीवर आणखी निर्बंध घातले. बेकारीमुळे कर्ज थकते आणि थकलेल्या कर्जामुळे बेकारी लांबते, हे दुष्टचक्र तेथेही चर्चेचा विषय झाले होते.

आपल्याकडे बँकेची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. रोखपालाच्या खिडकीमागे बसणारा माणूस हजारो ठेवीदारांच्या पैशाचा विश्वस्त असतो. परंतु हेतुपुरस्सर कर्ज बुडविणारा आणि नोकरी नसल्याने हप्ता चुकलेला, यांच्यात फरक करणे हेही न्यायाचेच काम आहे. सामाईक भरतीच्या अटीतून ६५० चा आकडा गेला आणि दाखला देण्याची संधी आली, हे त्या दिशेने पडलेले पाऊल म्हणता येईल.

गावपातळीवर काय करता येईल?

ही माहिती ज्या उमेदवाराला हवी असते, त्याच्यापर्यंत ती बहुधा नियुक्तीपत्राबरोबर पोहोचते, म्हणजे फार उशिरा पोहोचते. ती वेळेवर पोहोचविण्याचे काम शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी सहज करू शकतील.

कनिष्ठ महाविद्यालयातील व पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी एक तासिका या विषयाला द्यावी. कृष्णधवल फळ्यावर एका कल्पित अहवालाचा नमुना लिहून तो वाचण्यास शिकवावे. खऱ्या विद्यार्थ्याचा अहवाल मात्र वर्गात उघडू नये. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर शिफारस करताना हप्ते कधी सुरू होतील, ती तारीख विद्यार्थ्याच्या वहीत लिहून द्यावी. ग्रामपंचायतीने आपल्या सेवा केंद्रातून वर्षातून एकदा, शक्यतो भरतीच्या जाहिराती येण्यापूर्वी, मोफत अहवाल काढण्यास तरुणांना मदत करावी. जवळच्या बँकेच्या शाखाधिकाऱ्याला ग्रामसभेत बोलावून जामीनकी व हप्त्याची खरेदी यांविषयी दोन शब्द सांगण्यास विनंती करावी. ज्यांचा अहवाल प्रतिकूल निघेल, त्यांची गावात वाच्यता होणार नाही, याची दक्षता घेणे मात्र सर्वांत महत्त्वाचे आहे. लोकलाजेमुळे माणूस अहवाल पाहणेच टाळू लागला, तर साऱ्या प्रयत्नाचा हेतू विफल होईल.

उमेदवाराच्या दृष्टीने वेळापत्रक अगदी साधे आहे. अर्ज करण्यापूर्वी किमान तीन महिने अहवाल पाहावा. पहिल्या महिन्यात थकबाकी असल्यास ती भरून दाखला घ्यावा व चुकीच्या नोंदीविरुद्ध तक्रार करावी. दुसऱ्या महिन्यात उत्तराचा पाठपुरावा करावा. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा मोफत अहवाल काढून दुरुस्ती झाल्याची खात्री करावी. सर्व दाखले पदवीच्या प्रमाणपत्राबरोबर एकाच धारिकेत ठेवावेत.

लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या त्या मुलीने परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी आपला अहवाल पाहिला असता, तर २,४०० रुपये व त्यावरील दंड भरून तिने महिन्या-दोन महिन्यांत ते खाते बंद करून घेतले असते आणि दाखला हाती घेऊनच ती रुजू होण्यास गेली असती. दोन वर्षांच्या अभ्यासापुढे त्या कामाला लागणारा वेळ काहीच नाही. पूर्वी गावाने सांभाळलेली पत आता प्रत्येकाने स्वतः पाहावी, वाचावी व जपावी लागणार आहे. आपल्या परिसरातील एकाही होतकरू तरुणाची नोकरी केवळ अज्ञानामुळे जाऊ नये, एवढे जरी आपण सर्वांनी मनावर घेतले, तरी पुष्कळ काही साधेल.